दाढ काढल्यावरचं ताट

कोल्हापूर,
१४ जून

प्रिय मंजू,

तुझा निरोप काल रात्री वाचला. खालच्या दोन्ही अक्कलदाढा हाडात आडव्या अडकल्यात, पुढच्या गुरुवारी दोन्ही एकदमच काढायच्या ठरल्यात, आणि डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर ‘मऊ अन्न’ म्हणून उकडून कुस्करलेला बटाटा, दही, सफरचंदाचा गर आणि सूप एवढंच लिहिलंय. खाली तुझा प्रश्न, ‘तुझी दाढ काढली तेव्हा तू काय खात होतीस गं?’ फोनवर सांगत बसले असते तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून सविस्तर पत्रच लिहिते. वाचून झालं की फ्रीजवर चिकटवून ठेव, म्हणजे भाऊजींच्याही डोळ्यांसमोर राहील.

सगळ्यात आधी मुद्द्याचं सांगते. त्या दिवसांत उपाशी राहायचं नाही आणि बेचवही खायचं नाही. दाढ काढलेल्या माणसाला घरचे ज्यूस नि आइस्क्रीमवर ठेवतात. दोन दिवसांत त्याला गळाल्यासारखं होतं, चिडचिड सुरू होते आणि सगळं खापर दाढेवर फुटतं. खरं म्हणजे त्याला भूक लागलेली असते. मऊ जेवण हे पोटभर, चवीचं, चारी ठाव जेवण असू शकतं. फक्त त्याकडे पुरणपोळीच्या स्वयंपाकाकडे द्यावं तितकं लक्ष द्यायला हवं. आपल्या घरांना ही कला येते, कारण दात न आलेलं बाळ आणि दात पडलेलं म्हातारं माणूस आपल्याकडे कायम एकाच घरात जेवत आलंय.

आता तोंडात नेमकं काय होणार ते समजून घे, म्हणजे पथ्य पाठ करावं लागणार नाही. आडव्या दाढेसाठी हिरडी थोडी उघडतात, आजूबाजूचं हाड जरासं कोरतात, बऱ्याचदा दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर काढतात आणि वर टाके घालतात. मागे जो खड्डा राहतो त्यात रक्त साकळून गाठ बसते. ही गाठ म्हणजे त्या जखमेवरचं झाकण. तिच्याखाली उघडं हाड आणि त्यातल्या नसा असतात, आणि नवीन मांस तिच्याच आधाराने भरत येतं. ती गाठ निघून आली तर दोन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणकणारं दुखणं सुरू होतं. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. खाण्यापिण्याचे जवळजवळ सगळे नियम या एका गाठीसाठी आहेत. स्ट्रॉ नको, कारण ओढताना तोंडात पोकळी होते आणि गाठ सुटू शकते. पहिले चोवीस तास जोरात चूळ नको, थुंकणं नको, तेही त्यासाठीच. कढत नको, कारण उष्णतेने रक्त पुन्हा वाहू लागतं. सिगारेट, तंबाखू तर अजिबातच नको. तुझ्या घरात तो प्रश्न नाही, पण हे पत्र आणखी कुणी वाचलं तर त्यांच्या कामी येईल.

तिकडे विनिपेगला अक्कलदाढ काढताना बऱ्याचदा शिरेतून औषध देऊन गुंगी आणतात. तसं असेल तर आधी किती तास काही खायचं-प्यायचं नाही ते विचारून घे आणि ते काटेकोर पाळ. माझ्या वेळी फक्त जबड्यात इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर केला होता, त्यामुळे घरून नीट जेवून निघायला सांगितलं होतं. नुसतं इंजेक्शन असेल तर तूही व्यवस्थित जेवून जा, कारण पुढचं धड जेवण लांब असतं.

घरी आल्यावर ओठ, हनुवटी नि अर्धी जीभ दोन-चार तास, कधी त्याहून जास्त वेळ बधिर असते. तेवढ्या वेळात काही खाऊ नकोस. ओठ चावला गेला तरी कळत नाही, आणि चहा किती गरम आहे हेही कळत नाही. बधिरपणा उतरायला लागला की पहिला घास गार असू दे. माझा पहिला घास दह्याचा होता. घरी लावलेलं, आंबट न झालेलं दही, त्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर साखर, रवीने एकदा फिरवलेलं. जबडा तेव्हा जेमतेम एक बोट आत जाईल इतकाच उघडत होता. जेवणाचा नेहमीचा चमचा दातांवर आपटायला लागला, तेव्हा आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उठून कपाटातून लहानग्यांना औषध पाजायचा चपटा चमचा काढून दिला. तो आडवा न धरता सरळ जिभेच्या मधोमध ठेवायचा, वरच्या ओठाने दही ओढून घ्यायचं आणि जीभ टाळूला लावून गिळायचं. गालाच्या आत काही जात नाही, टाक्यांना धक्का लागत नाही. मंजू, तू आजच असा एक लहान, उथळ चमचा शोधून ठेव. सगळ्या पाककृतींपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

पहिल्या दिवसाचं बाकीचं सोपं आहे. केळ्याचं शिकरण कर, पण केळं चांगलं पिकलेलं घे नि काट्याने पार कुस्कर. आमरस असेलच. तिकडे हापूस नि केसरच्या रसाचे डबे मिळतात असं तूच सांगितलं होतंस, तो रस थोडं दूध घालून सैल कर. आइस्क्रीम साधं आण, बदाम-पिस्त्याचे तुकडे असलेलं नको आणि कोन तर नकोच. ताक पेल्याने पी. इकडे शहाळं घेतलं की शहाळेवाला आधी स्ट्रॉ खोचतो, तेव्हा घरच्यांनी पाणी पेल्यात ओतून आणायला हवं. आतली कोवळी मलई चमच्याने खाता येते. दुखण्याची गोळी मात्र रिकाम्या पोटी घेऊ नकोस, आधी वाटीभर काहीतरी पोटात जाऊ दे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते आणि मग उतरते. त्यामुळे शनिवारी आरशात बघून घाबरू नकोस.

दुसऱ्या दिवसापासून कोमट चालतं. मग आपला भात! पण भात मोकळा झाला की घात होतो. शीत सुटं झालं की ते नेमकं त्या खड्ड्यात जाऊन बसतं. तुमच्याकडे रोजचा बासमती असतो, तो यासाठी बाजूला ठेव. त्याचं शीत लांब आणि सुटं, कितीही शिजवलं तरी एकजीव होत नाही. इथे मी आंबेमोहोर घेतला होता. तिथे जाड-आखूड दाण्याचा, चिकट शिजणारा कुठलाही तांदूळ घे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ. कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त होऊ दे. झाकण उघडलं की गरम असतानाच रवीने घोट. शीत दिसेनासं झालं पाहिजे, आणि चमचा वाकडा केला की भात सावकाश घरंगळला पाहिजे. वर साजूक तूप आणि मेतकूट. मेतकूट नुसतं चवीला नसतं, त्यात भाजलेली हरभऱ्याची नि उडदाची डाळ, गहू, तांदूळ, सुंठ, मेथी, जिरं असं सगळं दळलेलं असतं. डबा जुना असेल तर एकदा बारीक चाळणीने चाळून घे.

फोडणीचं लक्षात ठेव. मोहरी, जिरं, तीळ, खसखस हे सगळे बारीक दाणे जखमेचे वैरी आहेत. टोमॅटोच्या, स्ट्रॉबेरीच्या बिया, शेंगदाण्याचं कूट, किसलेलं खोबरं, सगळं त्यातच आलं. पण फोडणीवाचून आपलं जेवण जेवण वाटत नाही, म्हणून मी फोडणी नेहमीसारखी करायची आणि गाळायची. कढल्यात तूप तापवून जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीलिंब, दोन तुकडे केलेली मिरची घालायची, खमंग वास सुटला की चहाच्या गाळणीतून ते तूप वरणावर सोडायचं. वास सगळा खाली उतरतो, दाणा एकही येत नाही. ही फोडणी वरणभातावर, कढीवर, दुधी भोपळा शिजवून घोटलेल्या सारावर, कशावरही चालते.

आता माझी आवडती उकड. तांदळाच्या पिठाची, ताकातली. तू कोकणातली नाहीस म्हणून लिहिते, नाहीतर वेंगुर्ल्याच्या माझ्या आईने ‘हे काय लिहायचं झालं?’ म्हटलं असतं. एक वाटी तांदळाच्या पिठाला ताक नि पाणी मिळून चार वाट्या. पीठ आधी गार ताकातच कालव, एकही गुठळी राहू देऊ नकोस. पातेल्यात वर सांगितलेली गाळलेली फोडणी, तीत किसलेल्या आल्याचा पिळून काढलेला रस, मीठ, आणि मग ते कालवलेलं ताक. आच मंद. इथून पुढे हात थांबवायचा नाही. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, नुसतं पांढरं पाणी फिरत राहतं. मग तळाशी जाड लागायला सुरुवात होते आणि बघता बघता सगळं एकदम आळतं. त्यावर चकाकी आली, पीठ कडेने सुटायला लागलं, की झाकण ठेवून दोन वाफा काढ. कच्च्या पिठाचा वास गेला की झाली. वाटीत घेऊन मधे खळगा करून कच्चं तेल किंवा तूप घाल, आणि कोमट झाली की खा. आंबट, आल्याची, हिंगाची, लसणाची चव असलेली ही उकड खाल्ली तेव्हा मला कित्येक दिवसांनी खरं काहीतरी जेवल्याचं समाधान वाटलं.

तसं वाटायला कारण आहे. मऊ पदार्थ म्हटले की लोक गोडच आणून देतात. खीर, शिरा, कस्टर्ड, शिकरण, जेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या गोडाचा वीट येतो आणि जीभ खारट, आंबट, खमंग काहीतरी मागते. तिखट जखमेला झोंबतं, म्हणून तिखट सोडून बाकी सगळ्या चवींना कामाला लाव. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार, फोड नाही, तो दहीभातात अर्धा चमचा कालव. पण हे पहिले तीन-चार दिवस गेल्यावरच, आधी आंबटही चरचरतं. कोकमाचं सार, गाळून. भाजलेला लसूण कुस्करून तुपात. दुधी किंवा लाल भोपळा वाफवून, घोटून, दह्यात, वर गाळलेली फोडणी. पातळ पिठलं, नाहीतर कुळथाचं. कुळथाचं पीठ विनिपेगला मिळालं नाही तर बेसन आहेच. इडली दुधात नाहीतर सारात बुडवून पार भिजली की जीभ नि टाळू यांच्यामध्ये दाबून मोडते. हीच कसोटी धर. घास जिभेने टाळूवर दाबून विरघळला तर आज तो चालेल, नाही विरघळला तर उद्या बघायचं.

पोट भरलं तरी ताकद येते का, हेही बघायला हवं. जखम भरायला प्रथिनं लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीत निरोगी प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. नुसती पेज नि आमरस यांच्यावर तू तिथपर्यंत पोहोचणार नाहीस. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम, मूठभर मुगाच्या डाळीत तेवढीच, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे दिवसभरात दोन अंडी, दोन पेले दूध, दोन वेळा डाळ आणि वाटीभर दही किंवा चक्का एवढं पोटात जाईल अशी मांडणी कर. अंडी मंद आचेवर दूध घालून हलवत राहिलीस की मऊ, दह्यासारखी होतात. कांदा-टोमॅटोची भुर्जी नंतर. मुगाचं कढण तर औषधासारखं आहे. मूग भिजवून मऊ शिजवायचे, घोटून गाळायचे, सालं वर राहतात, खाली दाट कढण उतरतं. त्यात तूप, सैंधव नि सुंठ.

तुम्ही मटण खाता, म्हणून आमच्या कोल्हापूरचं अळणी पाणीही सांगते. तांबडा-पांढरा रस्सा करताना आधी मटण आलं-लसूण, कांदा, हळद, मीठ घालून शिजवतात. मसाला पडायच्या आधी जे पाणी काढून ठेवतात ते अळणी. इथे घरोघरी ते लहान मुलांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला देतात. मला चौथ्या दिवशी मिळालं. नुसत्या पाण्यात मात्र प्रथिनं फारशी नसतात, म्हणून सासूबाई त्यात एक अंडं फेटून, बारीक धार धरून, ढवळत सोडायच्या. अंड्याचे मऊ धागे होतात आणि वाटी पोटभरीची होते. खिमा एकदम बारीक करून, भरपूर पाण्यात शिजवून, त्यातच घोटलास तर पाचव्या-सहाव्या दिवशी तोही चालेल. मासे खायचे तर काट्याविना, नाहीतर जाऊच दे.

फळांची आठवण ठेव. हिरड्या भरायला क जीवनसत्त्व लागतं. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने स्कर्व्हीने हिरड्या सडलेल्या खलाशांना निरनिराळे उपाय देऊन पाहिले, त्यांत संत्री नि लिंबं मिळालेले खलाशी झपाट्याने बरे झाले. तुला संत्र्याचा रस झोंबला तर पिकलेली पपई खा. ती मऊ असते आणि तिच्यात हे जीवनसत्त्व भरपूर असतं. पेरू, स्ट्रॉबेरी, किवी बियांमुळे सध्या दूर ठेव.

आता आबांबद्दल लिहिते, कारण या सगळ्यात मला खरं शिकवलं ते माझ्या सासऱ्यांनी. आबांना कवळी बसवून बरीच वर्षं झाली, पण ती त्यांना टोचते, म्हणून जेवताना काढून ठेवतात. म्हणजे मी जे काही दिवस खाल्लं तेच आबा रोज खातात. एका संध्याकाळी मी वाटी घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले होते. आबांनी हाक मारली, ‘सूनबाई, बाहेर या. पातळ असलं म्हणून काय झालं? ताटात वाढून घ्या, आमच्यात बसा.’ मग त्यांनी सांगितलं तसं मी ताट वाढलं. मधे घोटलेला भात, एका वाटीत कढी, एका वाटीत भोपळ्याचं दह्यातलं भरीत, कडेला लोणच्याचा खार, आणि छोट्या वाटीत आमरस. प्रत्येक चव वेगळी, प्रत्येक रंग वेगळा. सगळं एकत्र कालवून, मिक्सरमधून काढून एकच लगदा केला असता तर तेवढंच पोषण मिळालं असतं, पण दोन घासांनंतर मी वाटी सरकवली असती. आबा म्हणाले, ‘दात गेल्यावर माणसाला चावता येत नाही. चव कळते की सगळी.’

तेव्हापासून मी त्यांच्या ताटाकडे नीट बघायला लागले, मंजू. आम्ही त्यांना प्रेमाने वाढत होतो, काळजी घेत होतो, पण त्यांचं जेवण म्हणजे आमच्याच आमटीत कुस्करलेली भाकरी आणि दूधभात असं ठरून गेलं होतं. ताज्या फोडणीची कढी, वाफेची उकड, भोपळ्याचं भरीत हे त्यांच्यासाठी म्हणून कुणी मुद्दाम करत नव्हतं. आता आठवड्यातून काही वेळा सगळ्या घरालाच उकड नाहीतर मऊ खिचडी नि कढी असते. मुलं वर पापड चुरून घेतात, आबा तूप घालून घेतात, आणि कुणाचंच ताट वेगळं दिसत नाही.

आपल्या वैद्यांनीही हे पातळातून घट्टाकडे जाणं फार विचारपूर्वक मांडलंय. पंचकर्मात शोधन झाल्यावर रुग्णाला पुन्हा नेहमीच्या जेवणावर आणायचा जो क्रम आहे त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग मुगाचं यूष, आणि मांस खाणाऱ्यांना शेवटी मांसरस. तो पोटाच्या अग्नीसाठी सांगितलाय, दाढेसाठी नव्हे, पण मला त्या पायऱ्या जबड्यालाही लागू पडल्या. आज दही, उद्या घोटलेला भात, परवा उकड, मग भिजलेली इडली, मग दुधात मुरलेली भाकरी, मग मऊ पोळी. पुढची पायरी जबड्याला विचारून घ्यायची, दिवस मोजून नव्हे. दोन्ही बाजूंच्या दाढा निघणार असल्याने तुला बाजू बदलून चावायची सोय नाही, म्हणून तू एकेक पायरी जरा जास्त रेंगाळलीस तरी चालेल. पुढचे दात मोकळे आहेत, मऊ पोळी त्यांनी तोडता येते.

खाण्याइतकंच खाऊन झाल्यावरचं महत्त्वाचं. चोवीस तासांनंतर प्रत्येक जेवणानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात घे, मान इकडून तिकडे हलकेच कलती कर, आणि बेसिनवर वाकून तोंड उघड. पाणी आपोआप पडेल, जोर लावायला नको. बाकीचे दात हलक्या हाताने घासत राहा. इथे माझे टाके साधारण आठवड्याने काढले, तिकडे बरेचदा आपोआप विरघळणारे घालतात. वरची हिरडी मिटायला तीन-चार आठवडे लागतात आणि आतलं हाड भरायला काही महिने. तेव्हा शेंगदाणे, चिवडा, कडक भाकरीचा पापुद्रा, पॉपकॉर्न यांची घाई नको. आणि एवढं मात्र ऐक. दुखणं कमी होत होत तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, कानाकडे ठणकायला लागलं, तोंडाला घाण चव किंवा वास आला, ताप आला, रक्त थांबेना, किंवा ओठ-जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली, तर घरगुती उपाय करत बसू नकोस, सरळ डॉक्टरांना फोन कर. ड्राय सॉकेट झालं तरी ते त्यात औषध भरतात आणि बऱ्यापैकी लवकर आराम पडतो.

बुधवारीच तयारी करून ठेव. मुगाचं कढण नि अळणी पाणी लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये, तांदळाचं पीठ वर हाताशी, दही विरजून तयार, भोपळा वाफवून घोटलेला. म्हणजे शुक्रवारपासून भाऊजींना फक्त गरम करून कोमट होऊ द्यायचं काम उरेल. उकड मात्र त्यांना शनिवारी ताजी करू दे, ती शिळी चांगली लागत नाही. हात न थांबवता ढवळायचं एवढं त्यांना निक्षून सांग.

आणि एक मागणं. तुझ्या सासूबाईंचे दात गेलेत आणि त्या जेवताना तुमच्यात बसायचं टाळतात, असं तू मागे लिहिलं होतंस. गुरुवारपासून तुमची दोघींची ताटं सारखी असतील. त्यांना स्वयंपाकघरात बोलवून घे, त्यांच्या माहेरी आजाऱ्याला काय देत असत ते विचार, आणि त्या सांगतील ते त्यांच्या देखरेखीखाली करायला लाव. तू बरी होशील, पंधरा-वीस दिवसांत पोळी-भाजी खायला लागशील. तेव्हा ते पदार्थ बंद करू नकोस. आठवड्यातून तीन-चार वेळा सगळ्यांसाठीच करत जा, आणि त्यांना ताटात वाढून टेबलाशी बसवत जा. त्या जे सांगतील त्यातला एखादा पदार्थ मला लिहून पाठव, प्रमाणासकट. आबांना करून घालीन.

शुक्रवारी बोलू नकोस, जबडा दुखेल. नुसतं टाइप करून कळव, काय खाल्लंस ते.

तुझी,
सुधा